'मले'चा काना

शनिवार, ५ जुलै

नीलमनं मला न विचारता 'वाचनमित्र' करून टाकलं. छातीवर बिल्ला. बिल्ल्यावर उघडं पुस्तक, पुस्तकातून उगवणारा सूर्य, सूर्याला डोळे. छपाईत शाई ओघळलेली. मुलांचा पहिलाच प्रश्न — "सर, सूर्य काहून रडून राहिला?" वाचन मोहिमेबद्दल याहून नेमकं मत मी अजून ऐकलेलं नाही.

नीलम माझी बायको, तिसरीला शिकवते. दर्यापूर रोडच्या फाट्यावरून आत दोन किलोमीटर, जिल्हा परिषदेची शाळा. वरून आदेश आला की गावातल्या सुशिक्षित नागरिकानं आठवड्यातून एकदा मुलांचं वाचन ऐकावं. सुशिक्षित नागरिकांचा शोध घेतला. निम्मे अमरावतीत राहायला गेलेले, उरलेल्यांचा चष्मा सापडेना. मग तिनं घरातलाच नागरिक उचलला. पाटबंधारे खात्यातला कारकून, शनिवार मोकळा, पेपरात रविवारचं सदर लिहितो म्हणून स्वतःला लेखक समजतो — एवढी पात्रता पुरली.

वाचन वीस मिनिटं. फोटो चाळीस मिनिटं. एका फोटोत मी पुस्तक उलटं धरलंय. तोच वर गेला. 'उत्कृष्ट' असा शेरा आला.

परतताना फाट्यावर मैनाबाईची मुंगोड्यांची गाडी. मुंगोडे म्हणजे मूगडाळीची भजी. ती उत्तम, बाईचं तोंड कढईपेक्षा गरम. जीप थांबली की ही सुरू — "ओ भाऊ, दर्यापूर कुठी पयून नाई चाललं. मुंगोडे थंडे होऊन राहिले, ते पाहा." मला पाहून म्हणाली, "मॅडमसंग आले मंजे आमच्या आचलले शिकवाले आले काय? कान पिळजा भाऊ, पन वाचाले शिकवा. मी चवथी पास, अन आता माहं नाव बी मले दोनदा पाहा लागते."

तिची पोरगी आचल नीलमच्याच वर्गात आहे.

रविवार, ६ जुलै

सदर छापून आलं. मी वऱ्हाडीत लिहितो. पुण्यात कॉलेजची तीन वर्षं 'ले' सोडून 'ला' लावायला शिकण्यात गेली. परत आल्यावर कळलं की गिऱ्हाईक 'ले'लाच आहे. तेव्हापासून घरात 'ला', पेपरात 'ले'. दुकान वेगळं, घर वेगळं.

शनिवार, १२ जुलै

व्हरांड्यात सहा मुलं माझ्या वाट्याला. नीलम आत ऑनलाइन माहिती भरत बसली. मुलांना वाचता येतं का, याची माहिती. ती भरण्यात एवढा वेळ जातो की मुलांचं वाचन ऐकायला वेळ उरत नाही. म्हणून मी.

शिवम डोळे मिटून वाचतो. खरोखर मिटून. मी हळूच पान उलटलं तरी त्याचं मागचंच पान सुरू, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. यादीत त्याच्यापुढे 'उत्तम' आहे.

लुबना साजिद टेलरची मुलगी. घरी उर्दू, मैदानात वऱ्हाडी, पुस्तकात पुस्तकासारखी. एकेक शब्द बापासारखा इस्त्री करून खाली ठेवते.

मग आचल. धडा असा — 'ताई म्हणाली, मला भूक लागली. आईने ताईला भाकर दिली.'

तिनं वाचलं, "ताई मनाली, मले भूक लागली. आईनं ताईले भाकर देल्ली." भरभर. शेजारच्या घरची बातमी सांगावी तसं. पुढं काय झालं याची तिलाच घाई.

मी थांबवलं. "'मले' कुठं लिहिलंय? बोट ठेव."

बोट ठेवलं. बरोबर 'मला'वर.

"काय आहे हे?"

"मले."

"'ल'ला काना आहे की मात्रा?"

"काना."

"मग काय झालं?"

तिनं नीट पाहिलं. फार नीट पाहिलं. "मले."

यापुढे मी गप्प बसायला हवं होतं. पण वीस वर्षं सदर लिहिणाऱ्या माणसाच्या जिभेला खाज असते. म्हणालो, "मग काना गेला कुठं? तुझ्या आईनं मुंगोड्यात तळला काय?"

व्हरांडा फुटला. शिवम तर लोळलाच. लुबनानं तोंडावर पुस्तक धरलं. आतून नीलमनं विचारलं, "काय झालं हो?" "काही नाही. वाचन चाललंय."

इतकी रोख दाद मला गेल्या दहा वर्षांत कुठल्याही व्यासपीठावर मिळालेली नाही. आचल पण हसली. म्हणजे तोंड हसल्यासारखं केलं.

बुधवार, १६ जुलै

'काना तळला' — सदर एका बैठकीत लिहून झालं. गावाचं नाव बदललं, मुलीचं नाव बदललं, मुंगोड्यांचे आलूबोंडे केले. आम्ही लेखक लोक याला संवेदनशीलता म्हणतो.

रविवार, २० जुलै

अकरा फोन. संपादक म्हणाले, पोट दुखलं हसून हसून, शाळेतलं असंच येऊ द्या. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी अभिनंदन केलं — "आजच्या पिढीचा भाषिक ऱ्हास फार मार्मिकपणे मांडलात." मी ऱ्हास मांडला होता हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

आचल काल शाळेत आली नव्हती.

शनिवार, २६ जुलै

आचलनं वाचलं नाही. पुस्तक समोर, बोट ओळीवर, तोंड बंद. "घसा बसला काय गं?" विचारलं. उत्तर शिवमनं दिलं, "नाई सर, आवाज बी तळला इच्या मायनं." पुन्हा हशा. या वेळी माझ्या नावावर नाही. विनोदाची चोरी फार लवकर होते.

फाट्यावर मैनाबाई खुशीत. "भाऊ, जीपवाला मनते, दोन प्लेट काना दे. मी मनलं हे काय नवं? तं मने पेपरात आलं हाय. तुमीच लिवलं ना? चावट हा तुमी." पेपरात मी आलूबोंडे लिहिले होते. फाट्यानं मुंगोडे वाचले. फाट्याची आकलनशक्ती उत्तम आहे, तिकडे कोणी मोहीम नेऊ नये.

पोरगी कशी आहे, विचारलं.

"पोट्टी काई बोलूनच नाई राहिली. दात पडून राहिला असन."

मी एक प्लेट जास्त खाल्ली.

शनिवार, २ ऑगस्ट

नीलमनं पालकांचा फोनवर गट केला आहे. तिनं लिहिलं — रोज दहा मिनिटं मुलाशेजारी बसा, त्याचं वाचन ऐका. उत्तरादाखल अठरा अंगठे, सहा सुप्रभात आणि बोअरवेलची एक जाहिरात. गाव वाचनाच्या बाजूनं उभं आहे. बसायला मात्र कोणी तयार नाही.

एकट्या साजिदनं, लुबनाकडून निरोप वाचून घेऊन, आवाज रेकॉर्ड करून विचारलं, "मॅडम, मले मराठी वाचता नाई येत. मी बाजूले बसून काय करू?"

नीलमनंही बोलूनच उत्तर पाठवलं, "नुसते बसा. ती थांबली की विचारा, पुढं काय झालं?"

लुबना आज सांगत होती, "अब्बू मशीन बंद करून बसतात सर. अन खरंच विचारतात." यावर काही बोचरं सुचतंय का पाहिलं. पंधरा मिनिटं प्रयत्न केला. नाही सुचलं.

आचलनं आजही वाचलं नाही. तिच्या पाळीला बाकीची मुलं आपोआप माझ्याकडे पाहतात. आता सर काय बोलतील म्हणून.

रविवार, ३ ऑगस्ट

अकोला. एका ग्रंथालयाचा कार्यक्रम — 'घराघरात वाचन'. प्रमुख पाहुणा मी. नीलमचं माहेर अकोल्याचं, त्यामुळे पहिल्या रांगेत सासर-माहेर सगळं. भाषणात 'काना तळला' सांगितलं. टाळ्या, शाल, नारळ. नीलम हसली नाही. माझं सदर ती वाचत नाही. पंचवीस वर्षं रोज ऐकतेच आहे म्हणते.

परतीच्या गाडीत, मूर्तिजापूर गेल्यावर, तिनं विचारलं, "ती मुलगी कोण हो?"

"कुठली?"

"कान्याची."

"काल्पनिक आहे."

"अस्सं."

बडनेरा येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. मांडीवर माझा नारळ.

गुरुवार, १४ ऑगस्ट

शाळेत आज वाचन पडताळणी झाली. केंद्रप्रमुख आले होते. आत येता येता फोनवर — "हो ना बे, येऊन राहिलो ना." फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, प्रमाण उच्चारांवर भर द्या." हे नीलमनं सांगितलं. नक्कल बरी करते ती.

मग आचल. समोर परिच्छेदाचा कागद ठेवला. गप्प. वाक्यांचा ठेवला. गप्प. शब्द, मग नुसती अक्षरं. पोरगी जमिनीकडे पाहत उभी. साहेबांनी लिहिलं — 'अक्षर ओळख नाही.' आणि नीलमच्या हातात एक फॉर्म दिला. गतिमंद असण्याची शक्यता. पालकांची सही घ्या, पुढच्या महिन्यात अमरावतीला तपासणी शिबिरात पाठवा. यादी पंधरा सप्टेंबरला जाणार.

एकदा तो शब्द नावापुढे लागला की दहावीपर्यंत निघत नाही, हे नीलम जेवताना दोनदा म्हणाली. "जूनमध्ये फळ्यावरच्या सूचना सगळ्यांच्या आधी वाचायची हो ती. काय झालं असेल?"

भाजीत मीठ कमी आहे, म्हणालो.

शनिवार, २३ ऑगस्ट

आज मी मैनाबाईला वाचून दाखवलं. वाचनमित्र ना मी.

पीठाच्या हातानंच तिनं कागद पुढं केला. "आचलच्या दप्तरातून आला. मॅडमनं भेटा मनलं हाय, पन मले गाडी सोडून कुठी होते? काय लिवलं हाय ते सांगा भाऊ."

छापलेलं असं होतं — 'आपल्या पाल्यास अक्षर ओळख व वाचन-आकलनात गंभीर अडचणी आढळल्या असून, बौद्धिक क्षमतेच्या तपासणीस माझी संमती आहे.'

मी वाचलं, "तपासणी आहे. डोळ्यांची असते तशी."

"डोयाची?"

"तशीच. बऱ्याच मुलांची करतात."

"मंग ठीक हाय. टीव्ही लय जवळून पायते पोट्टी." तिनं हात पुसले, कागद गाडीच्या पत्र्यावर ठेवला. 'मैना' लिहून थांबली, वर पाहिलं, 'बाई' लिहिलं. सगळे काने जागेवर.

आचल गाडीच्या मागं उभी होती. ती आधी कागदाकडे पाहत होती, मग माझ्या तोंडाकडे, मग पुन्हा कागदाकडे.

एका वाक्यात मी आज दहा चुका केल्या. उच्चाराची एकही नव्हती.

रविवार, २४ ऑगस्ट

सदर सुचेना. संपादकांना म्हणालो, जुनंच एखादं छापा. कोणाला कळणार नाही. कळलंही नसेल.

शनिवार, ३० ऑगस्ट

गणपतीमुळे फाट्यावर गर्दी. "बसा भाऊ, कढईतला घाना निघू द्या," मैनाबाई म्हणाली. गाडीच्या मागं आचल रद्दीचे कागद फाडत बसलेली. मुंगोडे बांधायला.

"इची खोड पाहा. कागद फाडाच्या आंधी वाचते. मधात बंद झालती, आता चार दिवसापासून पुन्हा लागली. मले वाचून दाखवते, मी तळता तळता आयकते. पयले तं लय हासो आमी मायलेकी. कोनाची म्हैस हारपली, कोन उभा राहिला, कोन पडला. वाच वं, सरले दाखव."

मला वाटलं, ती नाही वाचणार. पण इथं व्हरांडा नव्हता. शिवम नव्हता. वरच्या कागदावर माझंच सदर, माझ्या फोटोवर तेलाचा डाग. जीपवाल्यावरचं. मी लिहिलं होतं — 'जीपवाला मने, मले काय इचारता? गाडीले इचारा, तिले जावाचं असन तं जाईन.'

आचलनं वाचलं, हळू, एकसुरात — "जीपवाला म्हणाला, मला काय विचारता? गाडीला विचारा, तिला जायचं असेल तर जाईल."

पुढचा अख्खा परिच्छेद तसाच. छापलेलं एक, तोंडातून दुसरं, आणि मध्ये कुठंही अडखळणं नाही. मराठी घेऊन बी. ए. झालेला मी, मला हे कागद-पेन्सिल घेऊन जमलं नसतं. आणि ही म्हणे अक्षर ओळख नसलेली मुलगी.

मैनाबाईचा झारा थांबला. "हे काय वाचून राहिली? जीपवाला असा बोलते काय? भाऊनं असं लिवलं?"

"त्यात चुकीचं लिहिलं आहे," आचल म्हणाली. "मी सुधारून वाचते."

"पयले हासू ये बाप्पा. हे तं रेडिओवरच्या बातम्यावानी."

तिनं मुंगोडे काढले. आचलनं माझा फोटो मधोमध फाडला. कागद तेवढाच लागतो दोन प्लेटला.

रविवार, ३१ ऑगस्ट

नीलमला सांगितलं. सगळं. काना, मुंगोडे, अकोला, फॉर्म.

मला वाटलं होतं ती ओरडेल. ती पोळ्या लाटत होती, लाटत राहिली. मग विचारलं, "फॉर्म डोळ्यांचा म्हणून सांगितलात?"

"डोळ्यांसारखा, म्हणालो."

"सारखा," ती म्हणाली. पोळी उलटली. "माझ्याकडून वर गेलेला नाही अजून. कपाटात आहे. उद्या रजा टाका, तो घेऊन जा आणि तिला खरा वाचून दाखवा. शब्द न् शब्द. सारखा-बिरखा नाही."

वीस वर्षांत संपादकांनी माझ्या मजकुरात एवढी नेमकी दुरुस्ती कधी सुचवली नाही.

सोमवार, १ सप्टेंबर

वाचून दाखवला. मोठ्यानं, कारण कढई तापली होती आणि तिला ऐकू येत नव्हतं. दोन जीपवाल्यांनीही ऐकला.

"गंभीर मंजे?"

"मोठी."

"बौद्धिक मंजे?"

"डोक्याची."

"मंजे माही पोरगी येडी हाय असं लिवलं?"

"तसंच लिहिलंय."

"अन तुमी मले डोयाचं सांगतलं."

"हो."

"काहून?"

उत्तर होतं. लांब होतं, त्यात विनोद पण होता. दिलं नाही. मग आचल का बोलेना, तेही सांगितलं. व्हरांड्यातलं. ती ऐकत घाणा सोडत गेली, एक पण मुंगोडा वाकडा पडला नाही.

"दोन प्लेट काना," शेवटी म्हणाली. "मी बी हासलो ना भाऊ. सगळ्यायसंग मी बी हासलो. माह्या पोरीवर."

मग माझ्या हातातला फॉर्म घेतला. त्याच्यावर चार मुंगोडे ठेवले, दोन मिरच्या, पुडी बांधली, माझ्या हातात दिली. "घ्या. अन हे लिवसान पेपरात?"

पुडी घरी आणली. नीलमनं सोडून पाहिली. सहीवर तेल आलं होतं. "मातेची संमती नाही, असं कळवते साहेबांना," म्हणाली, आणि एक मुंगोडा खाल्ला. मला दिला नाही.

बुधवार, ३ सप्टेंबर

केंद्रप्रमुख तयार झाले. तेरा तारखेला पुन्हा ऐकतो म्हणाले, परिच्छेद वाचला तर यादीतून नाव काढतो. "पन मॅडम, वाचन प्रमाण पाहिजे बरं." हे वाक्य बोलताना त्यांचं स्वतःचं काय झालं, ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

नीलमनं मला समोर बसवून शिकवणी घेतली. "आचल चुकत नव्हती, ती अर्थ वाचत होती. 'मला' दिसलं, अर्थ कळला, तो तिच्या घरच्या शब्दात बाहेर आला. लुबनाची घरची बोली पुस्तकापासून लांब आहे, म्हणून ती गोंधळत नाही. आचलची भिंतीला भिंत लागून आहे. आधी तिला हे सांगा. 'मले' चूक नाही, हे आधी. मग 'ला'."

ऑफिसमधून थेट फाट्यावर. आचलला म्हणालो, "माझं चुकलं. मी हसायला नको होतं."

"मी चुकली ना सर. म्हणून हासले तुम्ही."

"तू चुकली नव्हतीस. घरी 'मले' म्हणायचं, शाळेत 'मला' म्हणायचं. दोन्ही बरोबर."

तिनं विचार केला. "मग तुम्ही शाळेत हासले काहून? अन चुकीचं नाही, तर साहेबांसमोर काहून नाही चालत?"

दहा दिवस हातात होते. म्हणालो, "ते परीक्षेनंतर सांगतो. आधी 'ला' पक्का करू."

उत्तर येत नसलं की तारीख द्यायची. खात्यातली पंचवीस वर्षं वाया गेली नाहीत.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

रोज संध्याकाळी अर्धा तास. रद्दीतला कागद, गाडीचा पत्रा, आचल आणि मी. मला, तुला, त्याला, ताईला, गाडीला. पोरगी हुशार आहे. मी एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. मैनाबाई तळता तळता म्हणायची, "मले बी येऊन राहिलं भाऊ, आयकून आयकून." आणि आम्ही तिघंही हसायचो. म्हणजे आचल सोडून.

परीक्षेनंतरचं सांगायचं राहिलंय. उद्यानंतर सांगू.

शनिवार, १३ सप्टेंबर

नऊला केंद्रप्रमुख आले. शिवमला व्हरांड्यातून घालवलं, मीच. आचल समोर उभी. परिच्छेद विहिरीतल्या कासवाचा.

पहिला शब्द यायला वेळ लागला. इतका की साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. नीलमच्या हातात खडू होता, तो तिनं मोडला.

"कासवाला," आचल म्हणाली.

मग सगळं आलं. कासवाला, सशाला, पाण्याला, मला. प्रत्येक 'ला'वर किंचित थांबायची, चिखलातून जाताना दगडावर पाय ठेवावा तशी, आणि पुढच्यावर. एक पाय घसरला नाही. कासवाचं शेवटी काय झालं, ते मात्र तिच्या आवाजावरून कळलं नाही.

"शाब्बास. एकदम शुद्ध!" साहेबांनी 'परिच्छेद स्तर' लिहिलं, यादीतल्या नावावर रेघ मारली. दोन रेघा. मी स्वतः पाहिल्या. नीलमनं तिला जवळ घेतलं. फोटो निघाला. माझ्या बिल्ल्यासकट. या वेळी पुस्तक सरळ आहे.

फाट्यावर मैनाबाईनं सगळ्या जीपला मुंगोडे वाटले. "माही पोरगी सायबापेक्षा साजरी वाचते, सांगा दर्यापूरले जाऊन."

नीलम घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "बरं झालं. तिला ते सांगितलंत ना, 'मले'चं?"

सांगणार आहे, म्हणालो. सदरात दोन आठवड्यांनी पुन्हा वऱ्हाडी लिहिली. बरी वठली.

शनिवार, २० सप्टेंबर

आज पालक सभा होती. नीलमनं मैनाबाईला मुद्दाम बोलावलं होतं — गाडीवर रद्दीचा कागद फाडायच्या आधी तुम्ही पोरीकडून वाचून घेता, ते बाकीच्या आयांना सांगा, तुमच्या शब्दांत सांगा. चालत्या जीपला थांबवणारी बाई. उठली, पदर सावरला, तोंड उघडलं, आचलकडे पाहिलं आणि खाली बसली. नीलम म्हणाली, "बोला ना मैनाबाई." तिनं मान हलवली. हसल्यासारखं केलं.

आचल माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, "सर, मीच सांगितलं आईला. सगळ्यांसमोर बोलू नको. तुझं 'ला' चुकतं."